पाठीच्या मापाची सॅक



यावेळी मुरबाडच्या एका भगिनीचं पत्र हाती आलं. नाव छापू नका असं त्यांनी कळवलं आहे, म्हणून देत नाही. पण प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही, म्हणून आजचं सारं पान त्यालाच देते. त्या लिहितात : “माझी धाकटी मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. माहुली, गोरखगड, आजोबा असे आसपासचे डोंगर तिचे मैत्रिणींबरोबर चढून झाले. आता तिला उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेत जवळजवळ महिन्याभराच्या कोर्सला प्रवेश मिळाला आहे. डेहराडूनपर्यंत विमानाने जायचं आहे. घरात थोरल्याची सॅक आहे, ६५ लिटरची, चांगली धडधाकट. तीच ने म्हटलं तर ऐकत नाही. डोंगरावर चालेल आणि विमानात हातातही नेता येईल अशी नवी सॅक हवी म्हणते. यांचं म्हणणं, मुलीच्या असल्या हौशीवर तीन-चार हजार घालायचे कशाला? ताई, हा हट्ट समजायचा की गरज?”

उत्तर आधी देऊन टाकते. गरज आहे. आणि ती का आहे, हे घरातल्या पुरुषमंडळींना पटवून द्यायला आपल्याला दुसरं काही लागत नाही, शिवणाच्या डब्यातली टेप पुरते.

दादाची पुस्तकं धाकटीला चालतात. दादाची सायकलसुद्धा सीट खाली केली की चालते. पण दादाचे बूट धाकटीला घालून डोंगरावर पाठवू का आपण? नाही ना? सॅकचं तसंच आहे, बरं का. सॅक ही पिशवी नव्हे, ती अंगावर घालायची वस्तू आहे. तिला माप असतं, आणि ते माप लिटरमध्ये नसतं. लिटरवरून तिच्यात सामान किती मावेल एवढंच कळतं. ती कोणाच्या पाठीला बसेल हे त्यावरून मुळीच कळत नाही.

पाण्याची कळशी आठवा. भरलेली कळशी आपण खांद्यावर घेत नाही, कमरेच्या हाडावर टेकवतो. का? तर ते हाड भक्कम, आणि वजन तिथून सरळ पायांत उतरतं. चांगल्या सॅकला खाली जो रुंद, गादीचा पट्टा असतो, तो नेमकं हेच काम करतो. सॅकचं बरंचसं वजन त्या पट्ट्यावर, म्हणजे कमरेच्या हाडांवर यायला हवं; खांद्यावरचे पट्टे सॅक मागे कलू नये म्हणून. आता थोरल्याची सॅक धाकटीच्या पाठीवर चढवून पाहा. मुलाची पाठ लांब, मुलीची आखूड. खांद्याचे पट्टे जागेवर आले की कमरेचा पट्टा जातो मांड्यांपर्यंत खाली, आणि कमरेचा पट्टा जागेवर बांधला की खांद्याचे पट्टे खांद्यापासून चार बोटं वर उभे राहतात. पहिल्या तऱ्हेने चाललं तर सगळं ओझं खांद्यांवर आणि मानेवर येतं. दुसऱ्या तऱ्हेने चाललं तर सॅक मागे ओढते आणि उतारावर तोल जातो. मुलगी दोन दिवस काही बोलत नाही, तिसऱ्या दिवशी खांद्यावरचे लाल वळ दाखवते. मग आपण म्हणतो, मुलींना हे झेपत नाही! न झेपायला झालंय काय? सॅक तिची नाहीच.

तर आता माप. मुलीला सरळ उभी करा. मान खाली घालायला सांगा. मानेच्या मुळाशी एक हाड टोकासारखं वर येतं, तिथे टेपचं टोक धरा. ब्लाऊजचं माप घेताना आपण बोट ठेवतो, त्याच्याच आसपास. मग तिला दोन्ही हात कमरेवर ठेवू द्या, अंगठे पाठीकडे. बोटांना कमरेच्या हाडाचा वरचा काठ लागला पाहिजे. हा काठ परकराच्या नाडीच्या थोडा खाली असतो, हे लक्षात असू द्या. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ मनात धरा, आणि मानेच्या हाडापासून त्या रेघेपर्यंत टेप पाठीच्या कण्यावरून, खळग्यात जाऊन, तशीच खाली आणा. आलेला आकडा सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. हे झालं पाठीचं माप. उंचीशी त्याचा फारसा संबंध नसतो. आमच्या शेजारच्या दोघी बहिणी एकाच उंचीच्या, पण एकीचं माप आलं ३९ आणि दुसरीचं ४३. एक पायांनी उंच, दुसरी पाठीने.

दुकानात सॅकवर मोजायचं ते अंतर वेगळं. खांद्याचे पट्टे पाठीला जिथे जोडलेले असतात तिथपासून कमरेच्या पट्ट्याच्या मधोमध. हे अंतर आणि मुलीचं माप जुळलं पाहिजे. एखाद-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे चालतं. काही सॅकांना खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवायची सोय असते, ती मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण मग तीच सॅक आईलाही होते.

आता विमानाकडे वळू. आपल्या देशातल्या बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर हातात एक नग नेऊ देतात. त्याचं वजन ७ किलो, आणि लांबी, रुंदी, जाडी या तिन्हींची बेरीज ११५ सेंटीमीटर. ५५, ३५ आणि २५ असं ते गणित साधारण सांगतात. हे नियम बदलत असतात, तेव्हा तिकिटावर काय लिहिलंय ते प्रत्येक वेळी वाचावं. शाळेत शिकवते म्हणून सवयीने गुणाकार करून पाहिला : ५५ गुणिले ३५ गुणिले २५ म्हणजे ४८,१२५ घनसेंटीमीटर, म्हणजे ४८ लिटर. पण ही झाली पत्र्याच्या पेटीची गोष्ट. सॅकला कोपरे गोल, पाठीला गादी, वर निमुळती. तेव्हा हातात नेता येणारी सॅक ३५ ते ४० लिटरच्या आसपासच बसते. कोणी दुकानदार ५० लिटरची दाखवून “चालते हो, सगळे नेतात” म्हणाला तर त्याच्यापुढे टेप धरावी. फुगलेला वरचा कप्पा, बाजूचे खिसे, खाली लोंबणारे पट्टे हे सगळं त्या ११५ मध्ये मोजलं जातं.

आणि गंमत पाहा. ५५ सेंटीमीटर उंचीची सॅक घेतली, की पट्ट्यापासून पट्ट्यापर्यंतचं अंतर ४० ते ४५ च्या आसपास येतं. म्हणजे आपल्या मुलींच्या पाठीचंच माप! ज्याची पाठ ५० आहे त्या दादाला विमानात चालणारी सॅक आखूड होते, कमरेचा पट्टा पोटावर येतो, आणि बिचाऱ्याला दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. आपल्याला तो पेच नाही. जी सॅक विमानात बसते तीच पाठीलाही बसते. बायकांच्या मापाचा असा फायदा क्वचितच होतो, तो घ्यावा.

पण विमानात बसणारी प्रत्येक पाठपिशवी डोंगरावर चालत नाही, आणि फसगत होते ती इथे. हल्ली प्रवासासाठी म्हणून ज्या सॅका मिळतात, त्या सूटकेससारख्या तिन्ही बाजूंनी चेन उघडून आडव्या पसरतात. विमानतळावर, हॉटेलात फार सोयीच्या. पण त्यांचा कमरेचा पट्टा नुसता नावाला असतो, आकार रुंद आणि चौकोनी असतो, आणि सगळा भार त्या लांबलचक चेनीवर. डोंगरात चेन गेली की सॅक गेली. चाकांची सॅक तर नकोच. चाकं आणि दांडा यांनी सात किलोंतला बराच वाटा रिकाम्या सॅकमध्येच जातो, आणि ती पाठीला घेतली की दांडा कण्याला टोचतो. गोरखगडाच्या पायऱ्यांवर चाकांचा काय उपयोग?

गोरखगडाचं नाव निघालंच आहे तर सांगते. देहरीकडून चढताना वरच्या टप्प्यात कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आहेत. तिथे दोन्ही हात लागतात आणि अंग कातळाला चिकटवून चढावं लागतं. सॅक खांद्यापेक्षा रुंद असेल तर ती बाजूच्या दगडाला घासते आणि धक्का देते. माहुलीच्या वरच्या अंगाला लोखंडी शिडी आहे. तिथे डोक्याच्या वर गेलेली सॅक असली तर मान वर करून पुढची पायरी दिसत नाही, आणि हेल्मेट घातलं असेल तर ते सॅकला अडतं. म्हणून चढाईची सॅक अरुंद हवी, डोक्याच्या खाली राहणारी हवी, आणि बाहेरून सपाट हवी. बाहेर लोंबणाऱ्या बाटल्या, मग, चपला कारवीत नाहीतर करवंदीच्या जाळीत अडकतात आणि नेमक्या नको तिथे मागे ओढतात. दोन्ही बाजूंना आवळायचे पट्टे असावेत. सामान कमी झालं की ते आवळून सॅक पाठीला घट्ट बसवता येते, आणि विमानात शिरताना त्याच पट्ट्यांनी तिची जाडी दोन बोटं कमी होते.

दोर बांधून चढणाऱ्या मुलींसाठी आणखी एक. कमरेला हार्नेस आला की सॅकचा जाड पट्टा त्याच्यावर चढतो आणि गाठी-कड्या हाताला येत नाहीत. म्हणून खऱ्या चढाईच्या सॅकचा कमरेचा पट्टा काढता येतो किंवा मागे वळवून ठेवता येतो. हे दुकानात विचारून घ्यावं. मुलगी फक्त चालत डोंगर चढणार असेल तर याची फिकीर नको, उलट गादीचा जाड पट्टाच बरा.

तोंड कुठे असावं? माझं मत विचाराल तर वरून दोरीने आवळायचं तोंड आणि शिवाय एका बाजूला चेन. वरच्या तोंडाने पाऊस कमी शिरतो आणि बिघडण्यासारखं काही नसतं. बाजूच्या चेनीने तपासणीच्या वेळी सगळं सामान उपसावं लागत नाही. अशी सॅक मिळते, जरा शोधावी लागते.

दुकानात जाताना मुलीला बरोबर न्या. सरप्राइज म्हणून परस्पर आणू नका. आणि जाताना सात किलोंचं काहीतरी न्या, नाहीतर दुकानात वाळूच्या पिशव्या असतात त्या मागा. रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघण्याने काही कळत नाही. वजन भरावं, आधी कमरेचा पट्टा बांधावा, मग खांद्याचे ओढावे, शेवटी छातीवरचा लहान पट्टा. हा छातीचा पट्टा वर-खाली सरकणारा हवा, म्हणजे तो मुलींना नको तिथे दाबत नाही. बायकांसाठी म्हणून ज्या सॅका बनवतात त्यांचे खांद्याचे पट्टेही आतून वळणाचे असतात, ते काखेत आणि छातीवर घासत नाहीत. रंग गुलाबी केला म्हणून ती बायकांची होत नाही. पट्ट्यांचं वळण पाहा. मग दहा-पंधरा मिनिटं दुकानात फिरू द्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे, आपण साडी घेताना नाही का त्याला पंचवीस घड्या मोडायला लावत!

शिवण तर आपल्याला कळतेच. खांद्याचा पट्टा अंगाला जोडला आहे तिथे आडवी-तिरपी दाट टाके घातलेली शिवण हवी. एकेरी सरळ टाका असेल तर ठेवून द्यावी. चेनीवर कंपनीचं नाव असतं ते पाहा, वायकेकेची चेन असली तर बहुधा त्रास देत नाही. बुडाचं कापड बाकीच्यापेक्षा जाड हवं. आणि रिकाम्या सॅकचं वजन चिठ्ठीवर वाचा : दीड किलोच्या आत असावं. दोन किलोंची सॅक कितीही सुंदर असली तरी सातांतले दोन तिनेच खाल्ले. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करायची मुदत बघा, आणि आल्या दिवशीच तांदळाच्या दोन पुरचुंड्या टॉवेलमध्ये गुंडाळून, सात किलो भरून, मुलीला गच्चीचा जिना पाच-दहा वेळा चढायला लावा. चिठ्ठी तोवर काढायची नाही.

आता मुरबाडच्या ताईंना वाटेल, महिन्याभराचं सामान सात किलोंत मावणार कसं? तर इथे एक गोष्ट थोरल्याला ठाऊक नसावी. उत्तरकाशीची संस्था १९६५ सालची, नेहरूंच्या नावाची. अशा कोर्समध्ये मोठी सॅक, झोपायची पिशवी, बर्फातले बूट, बर्फाची कुऱ्हाड, दोर ही अवजड सामग्री संस्थाच देते. प्रवेशाबरोबर जी यादी येते ती नीट वाचा : काय तिथे मिळेल आणि काय घरून आणायचं हे त्यात असतं. घरून न्यायचे ते प्रामुख्याने कपडे, मोजे, औषधं. म्हणजे ६५ लिटरची सॅक न्यायची ती कशाला?

स्वयंपाकघरातला काटा काढून मी एकदा हिशेब मांडला होता. सॅक १ किलो ३०० ग्रॅम. कपड्यांचे दोन जोड १ किलो २००. स्वेटर आणि आतले गरम कपडे १ किलो. रेनकोट ५००. सपाता ४००. दात घासायचं, साबण वगैरे ४००. औषधं २००. डोक्याला लावायची बॅटरी, पॉवर बँक आणि चार्जर ७००. खाऊ ८००. बेरीज साडेसहा किलो, आणि अर्धा किलो हाताशी. चालायचे जड बूट पायात घालून जायचं आणि जाड जाकीट अंगात किंवा हातावर. पाण्याची बाटली तपासणीपर्यंत रिकामी. ज्यांना आणखी दोन जोड हवेतच, त्यांनी दुसरा नग वजन करून खाली टाकायला द्यावा; देशातल्या प्रवासात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोंपर्यंत तशी सोय असते. पण ज्याच्यावाचून पहिला दिवस निभणार नाही ते सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. खाली दिलेला नग एखाद्या वेळी मागच्या विमानाने येतो, आणि डोंगरातली तुकडी कुणासाठी थांबत नाही.

नाणेघाटाच्या माथ्यावर तो मोठा दगडी रांजण आहे ना, वैशाखऱ्याकडून चढून आलेल्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकत असं सांगतात. विमानतळावरचा काटा मला तसाच वाटतो. फरक इतकाच की तिथे पैसे टाकून सुटका होत असे, इथे पैसे टाकूनही काही वस्तू पुढे जात नाहीत. चाकू, कात्री, बर्फाची कुऱ्हाड, खिळे-हातोडी, चालायची काठी यांतलं काही हातातल्या सॅकमध्ये ठेवू नये. ते खाली द्यायच्या सामानात. दोर आणि लोखंडी कड्यांबद्दल तपासणीवरचा माणूस काय म्हणेल याचा नेम नसतो, तेव्हा वाद नको, त्याही खालीच. उलट पॉवर बँक खाली कधीच द्यायची नाही, ती हातातच हवी. आणि स्टोव्हचा गॅसचा डबा ना हातात, ना खाली. तो पोहोचल्यावर तिथेच घ्यायचा.

आपल्या स्वयंपाकघराशी संबंधित एक नियम पुष्कळ जणींना माहीत नसतो. सुक्या खोबऱ्याची अखंड वाटी हातात नेऊ देत नाहीत. खोबऱ्यात तेल, म्हणून ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. प्रवासाला निघालेल्या मुलीच्या हाती नारळ-खोबरं द्यायची आपली पद्धत, पण सासूबाईंना हे आधीच समजावून ठेवा, नाहीतर मुलगी तपासणीवर रडवेली होते. तेल, तूप, लोणचं हेही हातातल्या सॅकमध्ये नकोच, सांडलं तर सगळ्या कपड्यांना वास. कोरडी शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या वड्या, नाचणीचे लाडू, चिवडा द्या. देशाबाहेर जाणाऱ्या विमानात तर कोणतीही पातळ वस्तू १०० मिलीलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून हातात नेता येत नाही.

यांच्या आक्षेपाचं काय, असं ताई विचारतील. त्यांना आपल्या भागातून विमानतळ गाठायची कसरत आठवून द्या. आमच्या किन्हवलीहून काय किंवा मुरबाडहून काय, आधी एसटी किंवा जीप. मग आसनगाव नाहीतर कल्याण. तिथून लोकल. बायकांच्या डब्यात सकाळच्या गर्दीत ६५ लिटरचं धूड घेऊन शिरायचं म्हटलं तर दहा जणी बोलतील, आणि खरं म्हणजे त्यांचं चुकतं असंही नाही. आखूड सॅक पोटाशी धरून उभं राहता येतं, वरच्या फळीवर टाकता येते. घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका, आणि तिथून २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या भुयारी मेट्रोने थेट विमानतळाच्या स्टेशनात. दोन्ही हात मोकळे असतील तर एकट्या मुलीला हे सहज जमतं. नाहीतर कल्याणपासून गाडी करा. त्या भाड्याचा आणि नव्या सॅकच्या किमतीचा हिशेब यांच्यापुढे ठेवा. विमान पहाटेचं असेल तर मात्र मेट्रोवर भिस्त ठेवू नये, रात्रीच मुंबईतल्या नातेवाइकांकडे जावं.

आणि “मुलीची हौस” म्हणाल तर १९८४ मध्ये बचेंद्री पाल एव्हरेस्टवर गेल्या, २००९ मध्ये पुण्याची कृष्णा पाटील १९ व्या वर्षी गेली, २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं-मुली गेली. सगळ्याच मुली काही एव्हरेस्टला निघालेल्या नसतात, ताईंच्या लेकीला कदाचित नुसता बर्फ पाहायचा असेल. पण मुलाला ६५ लिटरची घेतली तेव्हा त्याला हौस म्हणालो होतो का, हे घरात एकदा, आवाज न चढवता, विचारायला हरकत नाही.

सॅक घेतली की ती दहा वर्षं टिकवणं आपल्या हाती. आपल्याकडच्या पावसाला सॅकबरोबर मिळणारं पातळ आवरण पुरत नाही. पाठीकडून पाणी शिरतंच. आत जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी अस्तरासारखी घालावी, सगळं सामान तिच्यात, आणि तोंडाला पीळ देऊन ते दुमडावं. डोंगरावरून आल्यावर सॅक पूर्ण रिकामी करावी, कोपऱ्यातली माती झटकावी, ओल्या फडक्याने आणि साध्या साबणाने पुसावी. मशिनमध्ये घालायची नाही, आतला लेप सोलवटतो. उन्हात न टाकता सावलीत, उलटी टांगून वाळवावी. श्रावण-भाद्रपदात कपाटात कोंबली तर बुरशी हमखास. बाहेर खुंटीवर टांगलेली बरी. चेन अडू लागली तर मेणबत्ती फिरवावी. बकल तुटलं तर नवं मिळतं, आणि पट्ट्याची शिवण चांगला चांभार दहा मिनिटांत पक्की करून देतो.

एखाद्या वेळी विमान भरलेलं असतं आणि हातातली सॅकही खाली द्यायला सांगतात. तेव्हा लोंबणारे पट्टे सरकत्या पट्ट्यावर अडकून तुटतात. त्यासाठी एक खोळ शिवून ठेवा. जुनी जाड चादर घ्या. सॅक आडवी ठेवून तिच्याभोवती एक हात मोकळा राहील असा तुकडा कापा, उशीच्या अभ्र्यासारखा तीन बाजूंनी दुहेरी टाक्याने शिवा आणि चौथ्या बाजूला नेफा करून त्यात नाडी ओवा. बाहेरून रंगीत दोऱ्याने नाव आणि फोन नंबर भरावा. घडी केली की वाटीएवढी होते, वरच्या कप्प्यात राहते. आधी पॉवर बँक बाहेर काढायची, मग सॅक खोळीत.

राहता राहिली थोरल्याची सॅक. ती विकू नका. ताईंच्या घरात पाहुण्यांच्या गोधड्या ठेवायला तिच्याइतकी चांगली जागा नाही, आणि थोरला सुट्टीत आला की ती त्याची आहेच. आणि ताई, टेप हातात आहे तोवर मुलीकडून तुमच्याही पाठीचं माप घेऊन ठेवा. दोघींचं एक आलं तर पुढच्या हिवाळ्यात नाणेघाटाला तीच सॅक घेऊन तुम्ही जा. आमच्या भिशीतल्या सहा जणी जाणार आहोत, पहाटेच्या एसटीने वैशाखऱ्यापर्यंत.